दिवसाला एक लाखाचा गल्ला : हातकणंगलेत सुपरमार्केट तगेल का?

दिवसाला एक लाख रुपये. हातकणंगलेत साखळीतले एखादे सुपरमार्केट उभे राहिले, तर रोज रात्री शटर ओढताना त्याच्या गल्ल्यात किमान एवढी रक्कम पडलेली असावी लागेल. त्याहून कमी पडत असेल, तर दुकान चालू दिसेल, दिवेही झगझगतील, पण ते आतून झिजत जाईल. हा आकडा कुठून आला, गावाला तो झेपेल का, आणि झेपला तर तो कोणाच्या गल्ल्यातून येईल, हे मला मोजून पाहायचे आहे.

निवडणुकीच्या दिवसांत हातकणंगलेचे नाव देशभर ऐकू येते. २००९ पासून लोकसभेचा मतदारसंघच या नावाचा आहे. त्यामुळे बाहेरच्या माणसाला हे मोठे शहर वाटते. प्रत्यक्षात गाव लहान आणि तालुका मोठा आहे. २०११ च्या जनगणनेत हातकणंगले तालुक्याची लोकसंख्या ८ लाखांच्या थोडी वर होती, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या दर पाच माणसांमागे एक इथला. पण त्यातले पावणेतीन लाखांहून जास्त लोक एकट्या इचलकरंजीत राहणारे. तहसील कचेरी, पंचायत समिती हातकणंगलेत. पैसा आणि बाजारपेठ इचलकरंजीत. सुपरमार्केटचा सगळा प्रश्न या विभागणीतच अडकलेला आहे.

आधी मागणीची बाजू पाहू. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण महाराष्ट्राचा दरडोई मासिक खर्च ४,०१० रुपये निघाला, तर शहरी महाराष्ट्राचा ६,६५७. शहरी आकड्यात मुंबई-पुण्याचे वजन मोठे आहे, म्हणून हातकणंगलेसाठी मी ग्रामीण आकडा धरतो. या ४,०१० रुपयांतले सुपरमार्केटच्या वाट्याला येऊ शकतील असे किती?

देशाच्या ग्रामीण भागात खर्चाची फोड याच पाहणीत दिली आहे. धान्य ४.९१ टक्के, डाळी २.०१, साखर-मीठ ०.९३, खाद्यतेल ३.५९, मसाले २.९८. म्हणजे आपण ज्याला वाणसामान म्हणतो ते सगळे मिळून १४.४२ टक्के. बिस्किटे, फरसाण, चहा, शीतपेये, तयार खाणे यांवर ९.६२ टक्के खर्च होतो, पण त्यात हॉटेलातला वडा-मिसळही आली. म्हणून निम्मेच धरू. साबण, तेल, टूथपेस्ट, धुण्याची पावडर असले सामान सुमारे ५ टक्के. बेरीज २४ टक्क्यांच्या आसपास जाते. दूध, भाजी, फळे, अंडी-मटण-मासे यांवर मात्र २२.३३ टक्के खर्च होतो, आणि हा जवळपास सगळा पैसा सुपरमार्केटच्या दारापर्यंत येत नाही. दूध घरच्या गोठ्यातून किंवा डेअरीतून येते, भाजी आठवडी बाजारातून, मटण ठरलेल्या दुकानातून. कोल्हापूर जिल्ह्यात तरी या सवयी इतक्यात बदलायच्या नाहीत.

चोवीस टक्के म्हणजे माणशी महिन्याला सुमारे ९७० रुपये. साडेचार माणसांच्या घरामागे ४,३६५ रुपये. दहा हजार माणसांमागे वर्षाला ११ कोटी ६४ लाख. गावाची वस्ती हिशेबापुरती १५,००० धरू. कोणाला ती कमी-जास्त वाटली तर त्या प्रमाणात पुढचे आकडे बदलून घ्यावेत. पंधरा हजारांमागे वर्षाला साडेसतरा कोटी, दिवसाला ४ लाख ७८ हजार. गावातल्या सगळ्या किराणा दुकानांनी मिळून वाटून घ्यायचा पैसा एवढाच.

हा आकडाही थोडा फुगलेला आहे. सरकारी पाहणीत घरच्या शेतातले धान्यही किंमत लावून खर्चात मोजले जाते. ज्याच्या घरी शाळू आणि भात पोत्यांनी येतो, तो ते विकत घेत नसतो. शिवाय जानेवारी २०२३ पासून प्राधान्य कुटुंबांना रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळते. म्हणून ४ लाख ७८ हजार ही वरची मर्यादा समजावी.

आता मोठ्या साखळीचे गणित. डी-मार्ट चालवणाऱ्या अव्हेन्यू सुपरमार्ट्सचे २०२२-२३ चे आकडे सर्वांसमोर आहेत : मार्च २०२३ अखेर ३२४ दुकाने, १ कोटी ३४ लाख चौरस फूट जागा, ४१,८३३ कोटींची विक्री. भागाकार केला की एका दुकानामागे सरासरी ४१ हजार चौरस फूट जागा आणि १२९ कोटींची विक्री येते. कपडे, भांडी, प्लास्टिकचे सामान वगळले तरी किराणा आणि साबण-पावडरीचा वाटा तीन चतुर्थांशाच्या आसपास, म्हणजे ९७ कोटी. हातकणंगलेतल्या सगळ्या घरांनी शेवटचा रुपयासुद्धा तिथेच खर्च केला, तरी साडेसतरा कोटी होतात. परिसरातल्या घरांचा एक चतुर्थांश किराणा खर्च त्या दुकानाने ओढला असे मानले, तर सरासरी विक्रीसाठी सव्वातीन लाखांहून जास्त माणसे लागतात. ती इचलकरंजी आणि भोवतालची गावे धरून मिळतील, कोल्हापुरात मिळतात. हातकणंगलेच्या वेशीवर मिळणार नाहीत. एवढ्या आकाराचे दुकान इथे येईल अशी आशा कोणी दाखवत असेल, तर त्याला हा भागाकार करून दाखवावा.

खरा प्रश्न लहान आकाराच्या दुकानाचा आहे. आपल्या भागात तो काल्पनिकही नाही. घोडावत समूहाची स्टार लोकलमार्ट ही साखळी कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यातल्या लहान गावांकडे पाहूनच आखलेली आहे. तेव्हा चार हजार चौरस फुटांचे, वातानुकूलित, दोन पाळ्यांत चालणारे एक दुकान डोळ्यांसमोर आणू. पुढचे खर्च माझ्या अंदाजाचे आहेत, कोणत्याही कंपनीचे नव्हेत. चौरस फुटाला २५ रुपये दराने भाडे १,००,०००. बारा माणसांचा पगार, सरासरी १४,००० प्रमाणे, १,६८,०००. वीज ५०,०००. बिलिंग, पॅकिंग, माल आणणे, सफाई, राखण मिळून ४२,०००. रॅक, फ्रीज, एसी आणि भरलेला माल यांत अडकलेल्या ६० लाखांवर वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज ६०,०००. महिन्याची बेरीज ४,२०,०००. किराणा मालावर एकूण १५ टक्के सुटतात असे धरले आणि त्यातला एक टक्का मुदत संपलेल्या, फुटलेल्या, चोरीला गेलेल्या मालात गेला, तर हाती १४ टक्के राहतात. ४,२०,००० भागिले १४ टक्के म्हणजे महिन्याला ३० लाखांची विक्री. दिवसाला एक लाख.

एवढी विक्री झाली की दुकान फक्त बुडत नाही. नफा त्याच्या पुढे सुरू होतो.

दिवसाला एक लाख म्हणजे गावाच्या एकूण किराणा खर्चाचा जवळपास एकपंचमांश. दुसऱ्या शब्दांत, २,००० घरांनी दर महिन्याला प्रत्येकी दीड हजाराची खरेदी तिथे करायची. १५,००० वस्तीच्या गावात घरे सव्वातीन-साडेतीन हजार. त्यातली २,००० पकडणे कठीण. पण आळते, रुकडी, कुंभोज असल्या गावांतून कचेरीच्या कामाला येणारा माणूस, लक्ष्मी औद्योगिक वसाहतीतला कामगार, रेल्वेने आणि एसटीने ये-जा करणारा नोकरदार यांतले पाच-सहाशे जण धरले, तर गणित अशक्य नाही. सातबारा, दाखला यासाठी तालुक्याचा माणूस इथे येतोच. दुकानाच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे.

याच्या विरुद्ध बाजूला अंतराचे गणित आहे. अमेरिकेतल्या विल्यम रायली यांनी १९३१ मध्ये मांडलेला एक नियम व्यापाराच्या अभ्यासात आजही वापरतात : दोन गावे भोवतालच्या गिऱ्हाइकाला आपापल्या आकाराच्या प्रमाणात ओढतात आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ती ओढ घटते. त्यावरून दोन गावांमधली सरहद्द काढता येते. इचलकरंजी २,८७,००० आणि हातकणंगले १५,०००, अंतर आठेक किलोमीटर. सरहद्द हातकणंगलेपासून दीड किलोमीटरवर पडते. त्यापलीकडच्या माणसाला इचलकरंजीच जास्त ओढणार. कोल्हापूर वीसेक किलोमीटर धरले, शहराची वस्ती साडेपाच लाख, तर सरहद्द पावणेतीन किलोमीटरवर. दोन्हीकडून दाबलेले असे हे गाव आहे.

हा नियम मी जसाच्या तसा स्वीकारत नाही. लग्नाचा बस्ता, टीव्ही, सोने यांसाठी तो नीट लागू पडतो. पावशेर तेलासाठी आणि चहा पावडरीसाठी माणूस आठ किलोमीटर जात नाही. पण महिन्याचे सामान एकदम भरणारे घर जाते, आणि सुपरमार्केटला नेमके तेच घर हवे असते. हिशेब असा. महिन्याच्या ४,३६५ रुपयांच्या सामानावर मोठ्या दुकानात सहा टक्के वाचले, तर २६० रुपये होतात. मोटारसायकलने इचलकरंजीला जाऊन-येऊन सोळा किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडी ५० चा ॲव्हरेज देत असेल तर ३४ रुपये. कोल्हापूरला चाळीस किलोमीटर, ८४ रुपये. जाणे दोन्हीकडे परवडते. शहरात जाण्याचे निमित्त तर रोज कोणाला ना कोणाला असतेच. म्हणजे हातकणंगलेतल्या नव्या दुकानाची गाठ गावातल्या दुकानदाराशी पडेल, त्याहून जास्त इचलकरंजी आणि कोल्हापूरच्या मोठ्या दुकानांशी पडेल.

पैसा गावात कधी येतो, हेही पाहायला हवे. वर्षाची सरासरी इथे फसवी आहे. या भागाची मिळकत उसावर उभी. साखर कारखान्यांत तालुक्यात जवाहर आहे, पंचगंगा आहे, नरंद्याचा शरद आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात गाळप चालते आणि उसाची बिले साधारण डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत जमा होतात. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये रास्त दर होता. टनाला ३,४०० रुपये. वीस-पंचवीस टनांच्या बिलातून सोसायटीचे कर्ज कापून जाते, उरलेले घरात येते. जून-जुलैत त्यातले काही शिल्लक नसते. शाळेची फी, खते, लावणीची मजुरी, सगळे एकदम अंगावर येते. त्या दिवसांत घर चालते ते दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर आणि दुकानदाराच्या वहीवर.

वहीबद्दल जरा थांबून लिहितो, कारण बाहेरून येणाऱ्या कंपनीच्या कागदावर तिला रकाना नसतो. गल्लीतला दुकानदार महिन्याचे सामान उधार देतो, व्याज लावत नाही, घरात दुखणे असेल तर मागायलाही येत नाही. तीन हजारांची उधारी एक महिना वापरली आणि बाहेर महिन्याला दोन टक्क्यांनी पैसे घ्यावे लागले असते असे धरले, तर दुकानदाराने त्या घराला ६० रुपये दिले. सुपरमार्केटमध्ये दीड हजाराच्या खरेदीवर सहा टक्के सूट म्हणजे ९० रुपये. फरक तीस रुपयांचा. बँकेत पगार जमा होणाऱ्याला उधारी लागत नाही, त्याला सूट पूर्ण लाभते. आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्याला, उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्याला ती अर्धीमुर्धीही लाभत नाही. म्हणून नव्या दुकानाकडे आधी कोण जाईल हे सांगता येते : शिक्षक, कारकून, कारखान्याचा कायम कामगार, म्हणजे नेमके वेळेवर पैसे देणारे गिऱ्हाईक. आणि दुकानदाराकडे उरेल फक्त उधारीचे. रोख देणाऱ्यांच्या जोरावर तो उधार देऊ शकत होता. हा तोटा विक्रीच्या आकड्यात दिसत नाही, तरी मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते.

दिसणारा तोटाही लहान नाही. दिवसाच्या एक लाखातले ७० हजार गावातल्याच घरांचे असतील, तर किराणा दुकानांची एकूण विक्री १५ टक्क्यांनी घटते. दिवसाला दहा हजारांचा गल्ला असलेले दुकान घेऊ. दहा टक्के सुटले तर महिन्याला ३०,०००. वीज, भाडे, वाहतूक ६,००० जाऊन घरात २४,००० येतात. विक्री १५ टक्क्यांनी घटली की ३०,००० चे २५,५०० होतात, खर्च तेवढाच राहतो, घरात येतात १९,५००. विक्रीत १५ टक्क्यांची घट, घरच्या मिळकतीत जवळपास १९ टक्क्यांची. मुलाला इंजिनिअरिंगला घालायचे की नाही, हे या साडेचार हजारांवर ठरते.

पण हिशेब एकाच बाजूने मांडला तर तो खोटा ठरेल. गावातल्या दुकानदारांचे मिळून महिन्याला २ लाख १० हजार जातात. त्याच वेळी बारा जणांचे १ लाख ६८ हजार पगाराचे येतात, भाड्याचे एक लाख येतात, आणि गिऱ्हाइकांचे १ लाख ८० हजार वाचतात. गावाची बेरीज घेतली तर ती फायद्याची निघते. मुलींना घराजवळ, सावलीत, पावतीवर पगार मिळणारी नोकरी मिळते, ही गोष्ट मी कमी लेखणार नाही. फक्त एवढे लक्षात ठेवावे की फायदा दोन हजार घरांत नव्वद-नव्वद रुपयांनी वाटला जातो आणि तोटा चाळीस-पन्नास घरांवर एकदम कोसळतो.

आणि हा सगळा हिशेब एका दुकानाचा आहे. एक चालताना दिसले की दुसरी साखळी समोरच्या बाजूला गाळा घेते. दोन दुकानांना जगायला दिवसाला दोन लाख लागतात, गावाच्या खर्चाचे बेचाळीस टक्के. ते होणे नाही. मग दोन्ही दुकाने तोट्यात एकमेकांवर सूट चढवत राहतात, आणि एक बंद पडेपर्यंत आजूबाजूची किराणा दुकाने आधी मिटलेली असतात.

साखळ्या अमर नसतात, हेही आपल्याला नवे नाही. चेन्नईची सुभिक्षा १९९७ मध्ये सुरू झाली, देशभर सुमारे १,६०० दुकानांपर्यंत वाढली आणि २००९ मध्ये रोकड संपून कोसळली. खेड्यांसाठी खास काढलेली दुकानेही टिकली नाहीत. गोदरेजने २००३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या मंचरला ‘आधार’ या आपल्या ग्रामीण दुकानांच्या साखळीचे केंद्र काढले. २००८ मध्ये तो व्यवसाय फ्यूचर समूहाकडे गेला, आणि फ्यूचरचे स्वतःचे बिग बझार २०२२ मध्ये कर्जात बुडाले. उत्तरेत डीसीएम श्रीरामने २००२ मध्ये सुरू केलेला हरियाली किसान बझार दहा-अकरा वर्षांत गुंडाळावा लागला. पैसा कमी होता म्हणून हे झाले नाही. खेड्यातली विक्री विखुरलेली आणि हंगामी, भाडे आणि पगार मात्र बारमाही, हीच अडचण तिथे होती.

मग टिकलेले काय? त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. तालुक्याच्या उत्तर कडेने वाहणाऱ्या वारणेच्या खोऱ्यात, वारणानगरला, १९७० च्या दशकात वारणा बझार उभा राहिला. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने खेड्यात काढलेले हे सहकारी ग्राहक भांडार, शहरातल्या दुकानाच्या तोडीचे. त्याच्यामागे साखर कारखाना होता, दूध संघ होता, बँक होती, शाळा-महाविद्यालये होती. गिऱ्हाईक हाच सभासद असल्यामुळे त्याची मिळकत कधी येते आणि कधी येत नाही, हे दुकानाला आधीच ठाऊक होते. शेजारच्या कोल्हापुरात शेतकरी सहकारी संघ १९३९ पासून आहे. एकत्र खरेदी करून माल स्वस्त मिळवणे ही या जिल्ह्याने बाहेरून शिकावी अशी विद्या नाही.

हातकणंगलेचे दुकानदार मात्र आजही एकेकटे कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत किंवा इचलकरंजीत जाऊन माल भरतात, किंवा एजन्सीच्या गाडीची वाट पाहतात. चाळीस दुकानांची मिळून दिवसाची विक्री चार लाखांची आहे, सुपरमार्केटच्या चौपट. तेल, साखर, डाळी, साबण या चार गोष्टी जरी त्यांनी एकत्र भरल्या, तरी दरात दोन-तीन टक्क्यांचा फरक पडू शकतो आणि सहा टक्क्यांची दरी निम्मी मिटू शकते. उरलेली निम्मी भरून काढायला वही आहेच. हे काम दुकान उघडण्याआधी करायचे असते. समोर बोर्ड लागल्यावर प्रत्येक जण आपापल्या गिऱ्हाइकाला धरून ठेवण्यातच गुंतलेला असतो.

माझा निष्कर्ष असा : मोठ्या साखळीचे मोठे दुकान हातकणंगलेला झेपणार नाही. चार हजार चौरस फुटांचे एकच दुकान, भोवतालच्या गावांची साथ मिळाली, तर काठावर तगेल. दुसरे आले तर दोन्ही जातील.

आणि एक विनंती, जागा किंवा साठवलेले पैसे घालून अशा साखळीची फ्रँचायझी घ्यायला निघालेल्या इथल्या तरुणांना. कंपनीचा माणूस दिवाळीच्या बाजारातली गर्दी दाखवेल. तुम्ही जुलैत, उसाचे पैसे संपलेले असताना, सलग सात दिवस एसटी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत उभे राहून मोजा. पाचशे रुपयांची एक पावती धरली, तर एक लाखासाठी रोज २०० पावत्या फाटायला हव्यात. सामानाने भरलेली पिशवी हातात धरलेली एवढी माणसे त्या सात दिवसांत रोज दिसली नाहीत, तर करारावर सही करू नका.